जुन्या लिस्टर-पद्धतीच्या इंजिनावर गिरणीचा पट्टा बदलताना

प्रश्न थोडक्यात असा: लिस्टरच्या धर्तीवरचं, एक सिलिंडरचं, सहा हॉर्सपॉवर आणि ६५० फेऱ्यांचं जुनं इंजिन आहे. त्यावर पिठाची गिरणी चालते. इंजिनाची पुली १२ इंची, गिरणीची १४ इंची, दोन्ही पुल्यांच्या मध्यांमधलं अंतर ९ फूट. तीन इंची सपाट पट्टा महिन्या-दीड महिन्यात क्लिपांपाशी (पट्ट्याची दोन टोकं जोडतात तिथे) फाटतो आणि चालताना बाहेरच्या बाजूला सरकतो. राळ लावून झाली, आणखी ताणून झालं, फरक नाही. नवा पट्टा कोणता घ्यावा, कसा चढवावा?

पट्टा आणण्याची घाई करू नका. आहे त्या अवस्थेत चढवलात तर तोही दीड महिन्यात फाटेल. पट्टा सरकतो तो लाईन चुकल्यामुळे, म्हणजे दोन्ही पुल्या एका सरळ रेषेत नसल्यामुळे. क्लिपांपाशी फाटतो तो जास्त ताणल्यामुळे, आणि जास्त ताणावा लागतो तो पुलीवर पकड राहिली नाही म्हणून. हे दोन दोष काढले तर साधा रबर-कॅनव्हासचा पट्टाही वर्षानुवर्षं चालतो.

ताण किती लागतो याचा हिशोब एकदा करून ठेवा, पुढचं सगळं त्यावर उभं आहे. १२ इंची पुली ६५० फेऱ्यांनी फिरली की पट्टा मिनिटाला साधारण २०४० फूट धावतो, म्हणजे सेकंदाला १०.४ मीटर. या वेगाला सहा हॉर्सपॉवर ओढायला पट्ट्यात लागणारी निव्वळ ओढ फक्त ४४ किलो. पण पट्टा दोन्ही बाजूंनी ताणलेला असतो. एक बाजू ओढणारी, दुसरी सैल. पुली स्वच्छ आणि पट्टा कोरडा असेल तर ओढणाऱ्या बाजूला ६६ आणि सैल बाजूला २२ किलो ताण पुरतो. दोन्ही मिळून बेअरिंगवर ८८ किलो. आता तोच पट्टा तेलकट किंवा तुकतुकीत झाला, घर्षण निम्म्याच्या जवळ आलं, तर तेवढीच ओढ मिळवायला ९५ आणि ५१ किलो लागतात. बेअरिंगवर १४६ किलो! काम तेच, पीठ तेवढंच, आणि क्लिपांवरचा ताण दीडपट. पट्टा घट्ट करून करून थकलात त्याचं कारण हे आहे.

पट्टा क्लिपांपाशीच का फाटतो, तेही याच हिशोबात दिसतं. २१ फुटांचा पट्टा मिनिटाला ९५ वेळा पूर्ण फिरतो, आणि प्रत्येक फेरीत सांधा दोन पुल्यांवर वाकतो. सहा तास गिरणी चालली तर दिवसाला अडुसष्ट हजार वेळा वाकणं आलं. शिवाय हे चार स्ट्रोकचं एकच सिलिंडर. मिनिटाला ३२५ फटके, म्हणजे सेकंदाला पाचांहून जास्त. फ्लायव्हील त्यातला बराचसा झटका पिऊन टाकतं, उरलेला पट्ट्यातून सांध्याला बसतो. पट्ट्यात सगळ्यात दुबळी जागा सांधाच, त्यामुळे कुठलीही चूक तिथेच फुटून दिसते.

जुना पट्टा फेकण्याआधी वाचा

पट्टा काढला की जमिनीवर उलटा पसरून उजेडात बघा. आतली बाजू आरशासारखी चमकत असेल तर तो घसरत होता. आडव्या बारीक चिरा पडल्या असतील तर रबर म्हातारं झालंय, किंवा पुलीच्या मानाने पट्टा फार जाड आहे. एकच कड झिजून धागे सुटले असतील तर ती कड कशाला तरी घासत होती: जाळीला, पट्टा सरकवायच्या काट्याला किंवा पुलीच्या बाहेर लोंबत होती. कापडाचे थर एकमेकांपासून सुटून मध्ये फुगे आले असतील, बोटाने दाबल्यावर मऊ लागत असेल, डिझेलचा वास येत असेल, तर तेल शिरलंय. डिझेल आणि ऑईल रबराला फुगवतं, मग थर सुटतात. असा पट्टा धुऊन परत वापरता येत नाही.

तेल आलं कुठून, तेही शोधा. या इंजिनांमध्ये बहुतेक वेळा क्रँकशाफ्टच्या कडेने ऑईल बाहेर येतं, शाफ्टवरून फ्लायव्हीलच्या नाभीवर आणि तिथून फिरण्याच्या जोराने पुलीवर. क्रँककेसचा ब्रीदर (आतली हवा बाहेर सोडायची वाट) तुंबला असला की आतला दाब वाढून हे जास्त होतं. ब्रीदरची पत्री किंवा झडप काढून रॉकेलमध्ये धुवा, संपमधलं (इंजिनाच्या तळातलं) ऑईल खुणेच्या वर भरलं नाही ना ते बघा. हे न करता नवा पट्टा चढवणं म्हणजे पैसे पाण्यात.

क्लिपांचे दात फक्त पट्ट्याच्या एका कडेला उपसले असतील आणि दुसरी कड शाबूत असेल, तर टोक गुण्यात (काटकोनात) कापलेलं नव्हतं किंवा पुल्या समांतर नाहीत. सगळी ओढ एकाच कडेवर येते, ती कड आधी जाते, मग उरलेली.

इंजिन बंद कसं ठेवायचं

डिझेल बंद करून इंजिन थांबवा. व्हॉल्व्ह उचलून थांबवायची सवय वाईट. पूर्ण वेगात पुशरॉड आणि टॅपेटवर मार बसतो. फ्लायव्हील स्वतःहून थांबू द्या, हाताने किंवा फळीने अडवू नका. थांबल्यावर मात्र डिकॉम्प्रेशनचा (सिलिंडरमधला दाब सोडणारा) लिव्हर उचलून ठेवा, हँडल काढून बाजूला ठेवा आणि फ्लायव्हीलखाली दोन्ही बाजूंनी लाकडी पाचर ठोका. कारण असं, की इंजिन कॉम्प्रेशनच्या मध्ये थांबलं असेल तर कोंडलेली हवा पिस्टनला मागे ढकलते आणि एवढं जड चाक अचानक पाव फेरी उलटं फिरतं. त्या क्षणी बोट पट्टा आणि पुलीच्या मध्ये असेल तर ते वाचत नाही.

फिरत्या पुलीवर पट्टा लोटून चढवायची पद्धत गिरण्यांमध्ये अजून दिसते. कृपा करून करू नका. २०२५ पर्यंत लागू असलेल्या कारखाने अधिनियम, १९४८ मध्ये कलम २२ होतं. फिरत्या पुलीवरच्या पट्ट्याला हात लावायचा तर तिथे फक्त प्रशिक्षित प्रौढ पुरुष, अंगाला घट्ट बसणारे कपडे, पट्टा १५ सेंटीमीटरपेक्षा रुंद नसलेला, सांधा पट्ट्याशी सपाट किंवा वादीने शिवलेला, पाय रोवायला पक्की जागा, अशा अटी त्यात एकामागून एक होत्या. गावच्या गिरणीला तो कायदा लागू असो वा नसो, त्या अटींमागचं कारण लागू आहे. धोतराचा सोगा, पदर, ओढणी, गळ्यातला टॉवेल यांतलं काहीही पट्ट्याजवळ नको.

पुल्या आणि लाईन

सगळ्यात जास्त वेळ इथे द्या.

दोन्ही पुल्यांवरची राळ, पीठ आणि तेलाचा थर बोथट पोगराने किंवा पत्र्याच्या तुकड्याने खरवडून काढा, मग रॉकेलच्या फडक्याने पुसा, शेवटी कोरड्या फडक्याने. पॉलिश पेपर मारून पुली चकचकीत करायची गरज नाही, पण गंजाचे फोड आणि धारदार खवले कानशीने मोडा. ते पट्ट्याला सुरीसारखे कापतात.

आता पुलीच्या तोंडावर पोलादी पट्टी आडवी धरा. पुली मध्ये किंचित फुगीर असायला हवी: चार इंची तोंडाला मध्यापेक्षा कडा जेमतेम एक मिलिमीटर खाली. पट्टा नेहमी पुलीच्या उंच भागाकडे चढतो, म्हणून हा फुगीरपणा त्याला मध्यावर धरून ठेवतो. वर्षानुवर्षं घसरलेल्या पट्ट्याने तो झिजून पुली सपाट किंवा एका बाजूला उतरती झाली असेल, तर लेथवर तोंड मारून घ्या. मात्र फुगवटा वाढवून घेऊ नका. जास्त फुगीर पुलीवर पट्टा फक्त मधल्या पट्टीवर टेकतो आणि मधूनच फाटतो.

पुली डगमगते का ते बघायला पाचर काढा, डिकॉम्प्रेशन उचललेलंच असू द्या. विटेवर खडू टेकवून तो पुलीच्या कडेजवळ धरा आणि चाक हाताने हळू फिरवा. खडूची रेघ पूर्ण गोल उमटली तर ठीक, थोड्याच भागात उमटली तर पुली वाकडी बसली आहे. बहुतेक वेळा चावी (पुली शाफ्टवर पक्की धरणारा लोखंडी तुकडा) सैल असते, किंवा चावीखाली पत्र्याचा तुकडा घालून कोणीतरी वेळ मारून नेलेली असते. चावी नवी घडवून बसवा. गिरणीचा शाफ्ट वर-खाली उचलून बघा. बुश झिजून हातालाही जाणवेल इतका खेळ झाला असेल तर आधी बुश.

लाईन दोरीने बघतात. बारीक पण मजबूत दोरी घ्या, मासेमारीची नायलॉन उत्तम. एक टोक गिरणीच्या पुलीच्या मागच्या कडेपलीकडे खुंटीला बांधा, दुसरं इंजिनाच्या पुलीपलीकडे. दोरी दोन्ही पुल्यांच्या बाजूच्या कडांना चार ठिकाणी टेकली पाहिजे: इंजिनाच्या पुलीची पुढची आणि मागची कड, गिरणीच्या पुलीची पुढची आणि मागची कड. एक कड टेकते आणि समोरची सुटते, तर शाफ्ट समांतर नाहीत. दोन्ही कडा सारख्या सुटतात, तर पुली आत किंवा बाहेर सरकलेली आहे. दोन्ही पुल्यांची रुंदी वेगळी असेल तर अरुंद पुलीपाशी दोन्ही कडांना फरकाच्या निम्मी फट हवी. उदाहरणार्थ चार आणि साडेचार इंची पुल्यांना दोन सूत (एक सूत म्हणजे इंचाचा आठवा भाग). एकदा बघून झालं की दोन्ही पुल्या अर्धी फेरी फिरवून पुन्हा बघा. पुलीतच थोडा वाकडेपणा असेल तर दोन वाचनांमध्ये फरक येतो. मग दोन्हींची सरासरी धरा. ही अर्धी फेरी बरेच जण विसरतात आणि सरळ असलेली गिरणी वाकडी करून ठेवतात.

दोरीने आडवी लाईन कळते, शाफ्टची पातळी नाही. ती स्पिरिट लेव्हलने, दोन्ही शाफ्टवर स्वतंत्र.

पट्टा बाहेरच्या बाजूला पळतो असं तुम्ही लिहिलंय. समांतर नसलेल्या शाफ्टवर पट्टा ज्या बाजूला शाफ्ट एकमेकांच्या जवळ येतात तिकडे जातो. म्हणजे तुमच्या गिरणीच्या शाफ्टचं बाहेरचं टोक बहुधा इंजिनाकडे ओढलं गेलं आहे. पट्टा एका बाजूने सतत ओढत असल्याने पायाचे बोल्ट सैल झाले की हेच होतं. गिरणीचे बोल्ट ढिले करून बाहेरचं टोक लागेल तेवढं मागे घ्या, दोरीला टेकवा, बोल्ट पुन्हा आवळा आणि आवळल्यावर परत बघा. आवळताना ती सरकतेच. पट्टा एकाच पुलीवर सरकत असेल आणि दुसरीवर मधोमध चालत असेल, तर त्या पुलीचं तोंड उतरतं झालं आहे का ते आधी बघा.

इंजिनाची पुली शाफ्टच्या अगदी टोकाला लावलेली असेल तर आत, फ्लायव्हीलजवळ घ्या. ताण तेवढाच असला तरी जितकी ती बाहेर, तितका क्रँकशाफ्टवर वाकवणारा जोर जास्त आणि त्या बाजूचं मेन बेअरिंग लवकर जातं.

कोणता पट्टा

तीन इंच रुंद, चार प्लायचा (कापडाच्या चार थरांचा) रबर-कॅनव्हासचा पट्टा सहा हॉर्सपॉवरला पुरेसा आहे. पुलीचं तोंड पट्ट्यापेक्षा किमान अर्धा इंच रुंद असावं. चार इंची पुलीवर तीन इंची पट्टा छान बसतो. जास्त प्लाय म्हणजे जास्त मजबूत असं समजून सहा प्लायचा घेऊ नका. पट्ट्याची जाडी वाढली की तो वाकायला ताठ होतो, बाहेरचे थर प्रत्येक फेरीत ताणले जातात आणि चिरा पडतात. या वेगाला चार प्लायला साडेपाच इंचांपेक्षा लहान पुली नको, सहा प्लायला किमान दहा इंची हवी. तुमच्या पुल्यांवर सहा प्लायचा कसाबसा चालेल, पण त्याने फायदा काहीच नाही आणि जाड पट्ट्याला क्लिपाही जड लागतात.

जुना चामड्याचा पट्टा कुणी देत असेल आणि तो मऊ असेल तर वाईट नाही, त्याची पकड चांगली असते; फक्त त्याला अधूनमधून एरंडेल लागतं. रबराच्या पट्ट्याला मात्र कुठलंही तेल लावायचं नाही. नायलॉनचा गाभा आणि वर क्रोम चामडं असलेले नवे पट्टे उत्तम चालतात, पण त्यांचा सांधा गरम प्रेसवर चिकटवावा लागतो. तालुक्याच्या गावी ती सोय नसेल तर रात्री पट्टा तुटल्यावर गिरणी बंद पडून राहील. क्लिपांचा पट्टा अर्ध्या तासात जागेवर जोडता येतो, म्हणून मी अजूनही तोच सुचवेन.

लांबी आणि कापणं

सरळ पट्ट्याची लांबी: मध्यांमधल्या अंतराची दुप्पट, अधिक दोन्ही व्यासांच्या बेरजेची १.५७ पट. तुमच्याकडे २१६ अधिक ४०.८, म्हणजे २५६.८ इंच, जवळजवळ २१ फूट ५ इंच. पुल्यांच्या व्यासात मोठा फरक असेल तर आणखी थोडं मिळवावं लागतं, इथे ते शून्यात जमा आहे. कागदावरच्या हिशोबाबरोबर प्रत्यक्ष पुल्यांभोवती रिबीन टेप फिरवूनही मोजा. टेपच्या जागी ओली, ताणलेली सुतळी नको, ती फसवते.

आता ताणासाठी लांबी कमी करायची. नियम लक्षात ठेवायला सोपा आहे: फुटामागे एक सूत. २१ फुटांना २१ सूत, म्हणजे अडीच इंच आणि एक सूत. पट्ट्याच्या जाडीमुळे पाच सुतांच्या आसपास लांबी जास्त लागते, आणि क्लिपांचे डोळे (पिन ओवायची भोकं) दोन्ही टोकांना मिळून तीन सुतांच्या आसपास भरतात. या दोन गोष्टी एकमेकांना बऱ्याचशा खाऊन टाकतात. थोडक्यात कापायची लांबी २१ फूट २ इंच. गिरणीच्या पायाला सरकवायच्या खाचा असतील तर गिरणी आत घेऊन, खाचेचा पाव भाग शिल्लक ठेवून मोजा. पुढे ताण द्यायला जागा राहते. बाजारातून साडेबावीस फूट आणा, उरलेला तुकडा पुढे सांध्याच्या दुरुस्तीला येतो.

टोक काटकोनात कापणं हे या कामातलं सगळ्यात नाजूक काम. पट्ट्याच्या कडेवर गुण्या टेकवून रेघ मारू नका, कड नागमोडी असू शकते. टोकापासून दोन-अडीच फूट अंतरापर्यंत दर सहा इंचांवर रुंदीचा मध्य काढून खुणा करा, त्या जोडून मधली रेघ ओढा आणि गुण्या त्या रेघेवर टेकवा. रेघेच्या दोन्ही बाजूंना गुण्या उलटून दोनदा मारा. दोन रेघा एकावर एक आल्या तर बरोबर. धारदार सुरीने, पोलादी पट्टी दाबून, तीन-चार हलक्या वारांत कापा. एका दमात कापायला गेलं की खालचे थर तिरके जातात. दुसरं टोकही तसंच. कापल्यावर दोन्ही टोकं एकमेकांना भिडवून उजेडासमोर धरा. पाचरीसारखी फट दिसली तर पुन्हा कापा. तीन इंचांत एका बाजूला एक मिलिमीटरची चूकही एकाच कडेच्या क्लिपांवर ओढ आणते.

क्लिपा मारणं

चार प्लायचा पट्टा पाच-सहा मिलिमीटर जाड असतो. दुकानात पट्ट्याचा तुकडा घेऊन जा आणि त्या जाडीच्या दातांच्या क्लिपा मागा. दात आरपार येऊन पलीकडे वळायला हवेत. आखूड दात थरांतच अडकतात आणि महिन्यात उपसतात. क्लिपांची पट्टी रुंदीपेक्षा थोडी कमी, दोन्ही कडांना एक-एक सूत मोकळं. पट्ट्याचं टोक क्लिपेच्या आतल्या टेकणीला पूर्ण टेकवा, खाली जाड लोखंडी प्लेट घ्या (लाकडावर मारलं तर दात वळत नाहीत), आणि दोन्ही कडांचे दात आधी, मग मध्याकडे येत, हलक्या हातोडीने ठोका. मग उलटं करून परत. शेवटी बोटाने आतल्या बाजूवर हात फिरवा: काहीही बोचता कामा नये. दुसरं टोक मारताना डोळे एकमेकांत बसतील असे, एका क्लिपेचा फरक ठेवून जुळवा.

पट्ट्यावर दुमडीची शिवण असते ती बाजू बाहेर ठेवा, पुलीवर नको. टोकांचे कोपरे दोन सूत तिरके छाटा; नाहीतर सुटलेला कोपरा जाळीत अडकून पट्टा फाडतो. पिन क्लिपांच्या रुंदीपेक्षा किंचित आखूड हवी. घरात पडलेला खिळा पिन म्हणून घालू नका. तो कडक असतो, क्लिपांचे डोळे करवतीसारखे कापतो. क्लिपांबरोबर येते तीच पिन घाला आणि दर दोन महिन्यांनी बदला. तिची झीज डोळ्यांनी दिसते: मधोमध कंबर पडलेली असते. बोल्टच्या प्लेट लावून पट्टा जोडायची पद्धत इतक्या वेगाला मला मान्य नाही. बाहेर आलेली डोकी कपडा पकडतात.

चढवणं आणि ताण

गिरणी सरकवता येत असेल तर आत घेऊन पट्टा चढवा आणि मग मागे ओढा. तेवढी जागा नसेल तर पट्टा पुल्यांवर ठेवून टोकं जागेवरच ओढून जोडायची. त्यासाठी दोन-दोन अँगलच्या पट्ट्या बोल्टने पट्ट्यावर आवळा, टोकापासून फूटभर मागे, आणि दोन्ही बाजूंनी आटे पाडलेले लांब रॉड घालून नट सारखे फिरवत टोकं जवळ आणा. डोळे जुळले की पिन. एका बाजूचा नट जास्त फिरवला तर पट्टा तिरका ओढला जातो, म्हणून अर्धा-अर्धा फेरा.

ताण मोजायला अंदाजाची गरज नाही. पट्टा सैल पसरलेला असताना सांध्यापासून दूर, बरोबर १००० मिलिमीटर अंतरावर दोन बारीक रेघा मारा. ताणल्यावर त्या १०१० वर आल्या की थांबा. १०१५ वर नेऊ नका. फुटामागे एक सुताचा नियम म्हणजे हाच एक टक्का.

इंजिनाच्या फिरण्याच्या दिशेप्रमाणे शक्यतो ओढणारी बाजू खाली आणि सैल बाजू वर राहू द्या. वरची बाजू झोळ घेते आणि पुलीला जास्त मिठी मारते. उलट असेल तर पट्टा थोडा लवकर घसरतो, तेवढ्यासाठी सगळी मांडणी बदलायची गरज नाही. गिरणी उलटी फिरवायला आठाचा (इंग्रजी 8 सारखा मध्ये छेदणारा) पट्टा असेल तर लांबी वाढते आणि मधल्या छेदावर पट्टा स्वतःलाच घासतो. तिथे क्लिपा गुळगुळीत असणं दुप्पट महत्त्वाचं.

पहिली फेरी

दगड लांब ठेवून, हॉपर बंद करून इंजिन सुरू करा. दहा मिनिटं रिकामं. बाजूला उभं राहून, पट्ट्याच्या रेषेत नव्हे, तो दोन्ही पुल्यांवर मध्यावर चालतो का बघा. थोडा सरकत असेल तर इंजिन थांबवून गिरणीचं टोक एका सुताने हलवा आणि परत बघा. मग दगड हळू जवळ घ्या, अर्ध्या भाराने अर्धा तास. आठ तास काम झालं की रेघा परत मोजा. नवा पट्टा हमखास थोडा सैल पडतो. ५० तासांनी पुन्हा एकदा. त्यानंतर तो स्थिरावतो.

घसरण किती, तेही मोजा. पट्ट्याची जाडी धरून ६५० फेऱ्यांना गिरणीच्या ५५८ च्या आसपास यायला हव्यात. पूर्ण भाराला टॅकोमीटरवर ५४५ ते ५५० दिसल्या तर ठीक, थोडं सरकणं पट्ट्याच्या स्वभावातच आहे. ५३० दिसल्या तर पाच टक्के घसरतोय: पुली पुन्हा पुसा, मग ताण बघा. इंजिनाच्या फेऱ्याही त्याच वेळी मोजा, नाहीतर गव्हर्नरचा (इंजिनाचा वेग सांभाळणाऱ्या यंत्रणेचा) दोष पट्ट्याच्या माथी माराल.

घसरण आवरायला राळ, डांबर, काकवी यांतलं काहीही लावू नका. पहिला तासभर पकड वाढते, मग त्यावर पीठ बसून काचेसारखा कडक थर होतो आणि पट्टा आधीपेक्षा जास्त घसरतो. तुमच्या पुलीवर तोच थर असणार.

आणि दगड. टाकी (दगडावर छिन्नीने पाडलेल्या खाचा) बोथट झालेली असताना, किंवा दमट धान्य घातल्यावर, तेवढंच पीठ काढायला दगड जास्त आवळावे लागतात. गिरणी तापते, पीठ करपतं, इंजिन धुरकट होतं आणि पट्टा घसरतो. दोष पट्ट्यात दिसतो, उपाय टाकीत असतो. नवा पट्टा चढवायच्या दिवशीच दगड उघडा आणि टाकी लावून घ्या. नाहीतरी गिरणी बंदच असते.

चालू असताना सांधा पुलीवरून जाताना ठराविक ठेक्यात टकटक ऐकू येत असेल तर क्लिपा पट्ट्याच्या पातळीपेक्षा वर आल्या आहेत, परत ठोका. सैल बाजू उड्या मारत असेल आणि ठेका इंजिनाच्या फटक्यांशी जुळत असेल, तर एखादा फटका चुकतोय. नोझल तपासा, पट्टा ओढू नका. काही तासांनी गिरणीच्या बेअरिंगवर हाताची मागची बाजू ठेवा, अर्थात इंजिन थांबवून. हात ठेवता येत नसेल इतकं गरम असेल तर ताण जास्त आहे.

दोन्ही पुल्यांच्या बाजूंना आणि पट्ट्यावर वरून जाळी बसवा, पीठ घ्यायला आलेली बायामाणसं आणि पोरं त्या बाजूनेच ये-जा करतात. जाळी बिजागरीची करा, म्हणजे पिन बदलताना ती काढून ठेवायचा आणि परत न लावायचा मोह होत नाही. जाळी आणि पट्ट्याच्या कडेत तीन इंच मोकळी जागा सोडा. पट्टा काढून ठेवायची वेळ आली तर तो फिरत्या शाफ्टवर लोंबत सोडू नका. त्याच कारखाने अधिनियमाच्या कलम २४ मध्येही हेच होतं. खुंटीवर टांगा, उन्हापासून आणि डिझेलच्या डब्यापासून दूर, पुलीएवढ्या मोठ्या वेटोळ्यात.